यमुताईंचं नापास घर

गड्डीगोदामच्या घरात आम्ही राहायला गेलो ते साल चौसष्ट. नवीन लग्न, नवीन संसार, आणि पहिल्याच मे महिन्यात भर दुपारी दारावर थाप पडली. उघडून पाहते तर घरमालकीण. डोक्यावर ओला पंचा, काखेत शिंदीची चटई. मला वाटलं, भाडं वाढवायला आल्या असतील. पण बाई सरळ आत आल्या, पश्चिमेच्या भिंतीलगत चटई अंथरली, आडव्या झाल्या, तळहात भिंतीला टेकवला आणि डोळे मिटून घेतले. नवरा रेल्वेत, ड्यूटीवर गेलेला. घरमालकीण आपल्या घरी येऊन झोपली तर काय करायचं असतं, हे काही मला आईनं शिकवून पाठवलेलं नव्हतं. मी आपली स्वयंपाकघराच्या दारात पदर चावत उभी राहिले.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या, चटई गुंडाळली आणि म्हणाल्या, भिंत ठीक आहे, पण छपरावरचे कवेलू सरकलेले दिसतात, उद्या माणूस पाठवते. मग माझ्याकडे पाहून हसल्या आणि पन्हं आहे का म्हणून विचारलं. मी पन्हं दिलं. दुसऱ्या दिवशी खरंच माणूस आला आणि कवेलू बसवून गेला. ह्या होत्या यमुताई. पुढे दर मे महिन्यात त्या अशाच येत, आणि मी न सांगता पन्हं करून ठेवत असे.

घरमालक म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यात लोकांची चूक नाही. मी स्वतः माहेरी असताना असे घरमालक पाहिलेत की भिंतीतून झाड उगवलं तरी म्हणतील, चला, तुम्हाला सावली झाली. पण सगळ्यांना एकाच काठीनं हाकू नये. मला कोणी घरमालकांबद्दल वाईट बोलायला लागलं की मी आधी यमुताईंची गोष्ट सांगते, मग म्हणते, आता बोला.

यमुताईंच्या वडिलांचा धंदा वाळ्याच्या ताट्यांचा. उन्हाळा लागला की सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधायच्या, त्यावर पाणी मारायची सोय लावायची. यमुताई लहानपणापासून वडिलांबरोबर जायच्या. कोणती खिडकी किती वाजता तापते, कोणती भिंत संध्याकाळनंतर आग ओकते, हे सगळं तिथं कळलं. पुढे तोच धंदा त्यांनी स्वतः चालवला. कूलर निघाले तेव्हा लोक म्हणाले, बसला यमुताईंचा धंदा. त्यांनी कूलरला लागणाऱ्या ताट्या भरायला घेतल्या आणि तो आणखी वाढवला.

पण घरं घेण्याचं वेड धंद्यातून लागलेलं नाही. यमुताई आणि त्यांचे यजमान रुपराव, दोघांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्याच सुमाराला रुपरावांना गिरणीत काम लागलं आणि ते खोली शोधायला लागले. खोली रिकामी असायची, बोलणी व्हायची, आडनाव सांगितलं की ती खोली कोणाला तरी आधीच दिलेली निघायची. शेवटी मिळाली ती टिनाची. मे महिन्यात त्या टिनाखाली त्यांच्या तान्ह्या शामलाला लू, उन्हाळ्याच्या गरम वाऱ्याची झळ, लागली. दोन दिवस पोर डोळे उघडेना. यमुताई तिला ओल्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोर वाचली. आज ती भंडाऱ्याला चांगली नांदते आहे. पण त्या दोन दिवसांत यमुताईंनी मनाशी काहीतरी ठरवलं, आणि ठरवलं की बाई हलायची नाही.

त्यांनी ठरवलेलं असं. आपण घरं घ्यायची आणि भाड्यानं द्यायची. मागायला येणाऱ्याला आडनाव विचारायचं नाही. आणि ज्या घरात आपण स्वतः एक मे महिना काढला नाही, ते घर दुसऱ्याला द्यायचं नाही. ह्याला त्या कायदा म्हणत. सरकारचे कायदे बदलले, भाडे नियंत्रणाचे कागद आले गेले, पण हा कायदा बदलला नाही.

म्हणजे व्हायचं काय, तर नवीन घर घेतलं की होळी झाल्यावर यांचं बिऱ्हाड तिकडे. खाट, पेटी, चूल, मडकं, सगळं हातगाडीवर. मे महिन्यातला पहिला आठवडा उघडी-बोडकी परीक्षा. ताटी नाही, पडदा नाही, काही नाही. दुपारी यमुताई प्रत्येक खोलीत चटई टाकून झोपणार, हात भिंतीला. मग पावसाळ्यात गळतंय कुठं ते पाहणार. जे चुकलं असेल ते दुरुस्त करणार. आणि पोळा झाला की घर भाडेकरूला देऊन दोघं परत इंदोऱ्याच्या घरातल्या आपल्या मागच्या खोलीत. ती एकच खोली त्यांनी स्वतःला ठेवलेली. पुढचा भाग भाड्यानं, अंगण फरसबंद, तुळशीएवढीही माती नाही.

भिंतीबद्दल ही बाई कधी खोटं बोलली नाही. धरमपेठच्या मागे त्यांनी एक घर घेतलं होतं, तिथं एक बँकेतले साहेब खोली पाहायला आले. पसंत पडली, पैसे काढले. यमुताई म्हणाल्या, ही भिंत नापास आहे, बाहेरून पडवी काढेपर्यंत देणार नाही. साहेब म्हणाले, मला चालेल. त्या म्हणाल्या, मला चालत नाही. साहेबांनी पडवी होईपर्यंत भावाकडे मुक्काम केला आणि मग राहायला आले ते बदली होईपर्यंत हलले नाहीत.

आता रुपरावांचं सांगते, कारण गोष्ट खरी त्यांचीच आहे. त्यांना मी भाऊजी म्हणत असे. काटोलकडचा माणूस, हाताला मातीची खाज. गिरणीत सूत आणि यंत्रं यांच्यात आयुष्य गेलं, पण सुटी झाली की कुदळ हातात. ज्या ज्या घरात बायकोनं मे महिना काढायला नेलं, तिथं ह्यांनी झाड लावलं. गड्डीगोदामला सीताफळ, धरमपेठेत लिंबू आणि जाम, म्हणजे पेरू; जरीपटक्याच्या घरी मुंगना, म्हणजे शेवगा. झाडं रुजायची आणि हे निघून जायचे. फळं भाडेकरू खायचे. मी दर वर्षी टोपलीभर सीताफळं इंदोऱ्याला पोहोचवत असे. भाऊजी एकेक फळ हातात घेऊन पाहायचे, सासरी दिलेल्या मुलीची खुशाली विचारावी तसं विचारायचे, पाणी कोण घालते, बुडाशी आळं आहे का. आणि मग अर्धी सीताफळं मलाच परत द्यायचे.

आंबा मात्र त्यांनी कुठेच लावला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आंबा लावाचा त बुडाशी बसाले मानूस पाहिजे वं चारू. लिंबू कोनाचंही होते. आंबा मी माह्या घरी लावीन." आणि मग खोलीच्या फरशीकडे पाहत राहिले. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला चार घरं असून घर नाही.

गिरणीतून ते निवृत्त झाले तेव्हा हे प्रकरण पेटलं. भांडण माझ्या देखत झालं, म्हणजे भांडण कसलं, भाऊजींना भांडता येतच नव्हतं. ते एवढंच म्हणाले की आता पुढचं जे घर घेशील त्यातून मी पोळ्याला निघणार नाही, खाटेची दोरी आता माझ्यानं बांधवत नाही. यमुताई ताटीत वाळा भरत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "घर मे मधी पास झालं त ते भाडेकरूचं. कायदा म्हंजे कायदा."

मला असा राग आला. मी तोंडावर बोलले, की ताई, कायदा तुम्हीच केला ना, मग एक घर सोडलं तर कोण तुम्हाला कोर्टात खेचणार आहे. त्या वाळा भरत राहिल्या. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, चांगुलपणाचाही माणसाला कैफ चढतो. भाऊजींची मला फार दया आली, कारण यमुताईंनी घेतलेलं घर आजवर पास झाल्याशिवाय राहिलं नव्हतं. पहिल्यांदा नाही तर दुरुस्ती करून. त्यांची नजरच तशी होती.

सत्याहत्तर साली त्यांनी नंदनवनात घर घेतलं. घर आणून देणारा दलाल गिरिधर हा माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा. हा मनुष्य पडक्या गोठ्यालाही हवेशीर बंगला म्हणून विकणारा. तो एका संध्याकाळी आमच्याकडे आला आणि डोकं धरून बसला. म्हणाला, ताईंनी आज जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून, घेऊ नका, असं वदवलं. घर पश्चिमेला तोंड करून, वर नुसता स्लॅब, आजूबाजूला झाडाचं पान नाही, सगळा उघडा माळ. त्यानं तीन दुसरी चांगली घरं दाखवली होती. यमुताईंनी ह्याच घराच्या भिंतीला हात लावला, स्लॅबवर चढून आल्या आणि म्हणाल्या, हेच घेते.

"मी म्हनलं, ताई, हे भट्टी आहे," गिरिधर सांगत होता. "त मले म्हन्ते, तू तुही दलाली घे अन चूप बस."

वय झालं, मी म्हटलं. नजर गेली. आणि मनातून वाईटही वाटलं, कारण इतकी हुशार बाई फसलेली पाहणं काही सुखाचं नसतं.

होळीनंतर बिऱ्हाड नंदनवनात गेलं. मे महिन्यात मी मुद्दाम पाहायला गेले. खरंच भट्टी होती. दाराच्या कडीला हात लावला तर हात मागे आला. भाऊजी बाहेर कोपऱ्यात, ओला दुपट्टा अंगावर घेऊन, भिंतीच्या हातभर सावलीत बसले होते. आत यमुताई चटईवर पडलेल्या, घामानं चिंब, तळहात भिंतीला. त्यांनी हात काढला, पाहिला आणि मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, नापास. मग परीक्षेचा आठवडा संपल्यावर स्वतःसाठी मात्र दोन्ही खिडक्यांना वाळ्याच्या उत्तम ताट्या लावल्या. मी सुचवलं, वर दुसरं छप्पर घाला, पडवी काढा. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बँकेच्या साहेबासाठी पडवी काढणारी बाई इथं एक वीट हलवायला तयार नव्हती. मी विचारात पडले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचं घेऊन गेले तर भाऊजी सवयीनं खाट बांधत होते. नुसती दोरी आवळत होते. पेटी दारात आणून ठेवलेली, त्यावर बुद्धाची तसबीर. ही तसबीर कोणत्याच घरात भिंतीवर लागली नव्हती. भाडेकरूची भिंत, तिला खिळा मारायचा नाही, म्हणून ती कायम कोनाड्यात उभी केलेली असायची. बिऱ्हाड हलताना भाऊजी ती हातगाडीवर न ठेवता स्वतः छातीशी धरून नेत.

यमुताई आतून आल्या. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खिळा.

"अजी, खाट सोडा," त्या म्हणाल्या. "नापास घर मले कोनाले देता येत नाई."

भाऊजींना कळेना. ते म्हणाले, मग दुरुस्त कर, तू तर कोणतंही घर दुरुस्त करतेस.

"पश्चिम कशी फिरवू?" यमुताई म्हणाल्या. "मी फसली ह्या घरात. गिरिधरनं फसवलं मले. आता आपल्यालेच राहा लागते. घ्या, त्या तसबिरीसाठी खिळा ठोका."

गिरिधरचं नाव ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यमुताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फराळाचा डबा उघडला आणि तोंडात करंजी कोंबली. भाऊजींनी खिळा ठोकला. पहिला वाकला, दुसरा बसला. तसबीर लावून ते किती तरी वेळ खाली उभे राहिले. मग खाट तशीच अर्धवट बांधलेली सोडून कुदळ घेऊन बाहेर गेले आणि अंगणात खड्डा खणायला लागले. यमुताईंना मी तेव्हा पहिल्यांदा पदरानं डोळे पुसताना पाहिलं. मला म्हणाल्या, घाम आहे. मी म्हटलं, हो, घर तापतं ना.

त्या खड्ड्यात आंबा लागला. पश्चिमेला कडुनिंब लागला. पुढची वर्षं भाऊजींनी अशी काढली की पाहणाऱ्याला हेवा वाटावा. सकाळी आंब्याच्या बुडाशी खाट, तिथंच चहा, तिथंच पेपर, येणाऱ्याजाणाऱ्याला तिथंच बसवायचं. बोलायला लागले, हसायला लागले. मला तर एकदा गाताना सापडले. यमुताई बाकीची घरं सांभाळून संध्याकाळी दमून यायच्या, तर हे त्यांना आज किती पानं फुटली ते सांगायचे.

पण सुखातही माणसाला काळजी शोधून काढता येते. झाडं मोठी होऊ लागली तसे भाऊजी अस्वस्थ व्हायला लागले. यमुताईंनी आपला नेम सोडला नव्हता. बाकीच्या घरांसारखी त्या ह्या घराचीही दर मे महिन्यात परीक्षा घेत, आणि नापास म्हणून सांगत. कडुनिंब वर चढला, पश्चिमेची भिंत झाकायला लागला, आणि भाऊजींना धास्ती बसली की एखाद्या वर्षी हे घर पास होईल. मग काय करावं ह्या माणसानं? झाडाच्या पानाला इजा होऊ न देणारा हा माणूस दर होळीला शिडी लावून कडुनिंबाच्या फांद्या छाटायला लागला. मला म्हणाले, कोणाला सांगू नको वं, पण भिंतीवर थोडं ऊन पडलेलं बरं. मी हसून हसून लोळायची राहिले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ह्या दोघांची गोष्ट कोणाला सांगितली तर कोणी खरी मानणार नाही.

पंच्याऐंशी साली भाऊजींचे गुडघे धरले. होळीला शिडीवर चढता आलं नाही. कडुनिंब मनमुराद वाढला, अख्खी पश्चिम झाकून वर स्लॅबवर पसरला. आणि आंब्याला त्याच वर्षी पहिल्यांदा भरपूर कैऱ्या लागल्या. मे महिन्यात भाऊजींचा निरोप आला, पहिल्या कैऱ्यांचं पन्हं प्यायला ये. मी गेले ती नेमकी परीक्षेच्या दुपारी.

यमुताई आत भिंतीशी चटईवर. केस पांढरे झालेले, पण झोपायची पद्धत तीच, हात भिंतीला. भाऊजी दारात खुर्चीवर, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून, निकालाला बसलेल्या पोरासारखे. बाहेर लू वाहत होती आणि दारातून आत पाऊल टाकलं की अंगाला बरं वाटत होतं. मला भाऊजींच्या तोंडाकडे पाहवेना.

तेवढ्यात फाटक वाजलं. हिंगण्याच्या कारखान्यात नवीन लागलेला एक तरुण, कंपनीची बस इथून जाते म्हणून नंदनवनात खोली शोधत फिरत होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की यमुताई आडनाव विचारत नाहीत. घामाघूम झालेला. भाऊजींनी त्याला आत बसवलं, पन्हं दिलं. पोरगा प्याला, त्यानं आजूबाजूला पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि म्हणाला, किती थंड घर आहे तुमचं, मला इथलीच एखादी खोली द्या.

यमुताई चटईवर उठून बसल्या. आयुष्यभर भिंतीबद्दल एक शब्द खोटा न बोललेली बाई. त्यांनी एकदा भाऊजींकडे पाहिलं, एकदा दाराबाहेरच्या आंब्याकडे. मग परत भिंतीला तळहात टेकवला आणि पोळल्यासारखा झटकन मागे घेतला. हातावर फुंकर घातली.

"नापास आहे बावा हे घर," त्या म्हणाल्या. "लय तापते. तू जरीपटक्याले जा, तिथली खोली पास आहे. मुंगन्याचं झाड दिसन."

भाऊजी त्यांच्याकडे पाहतच राहिले. ते रोज दुपारी त्याच भिंतीशी झोपत होते, भिंत कशी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्या पोराला अगदी पोटतिडकीनं सांगायला लागले की खरं आहे, राहवत नाही इथं, आग आहे आग, कसे दिवस काढले आमचं आम्हाला माहीत. पोरगा गोंधळून दोघांकडे पाहत होता. त्यानं दुसरा पेला प्याला, जरीपटक्याचा पत्ता लिहून घेतला आणि गेला.

मग भाऊजी भिंत धरत उठले, आंब्याखाली गेले, एक कैरी तोडून आणली, मीठ लावून पहिली फोड यमुताईंना दिली. यमुताईंनी खाल्ली आणि आंबट आहे म्हणून तक्रार केली. मी निघताना चप्पल घालायच्या निमित्तानं वाकले आणि हळूच भिंतीला हात लावून पाहिला. गार होती. मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.